पोटातला खड्डा

"बाबा आज तिकिटं रद्द करणार," सम्यक म्हणाला. "आजी म्हणते, विमानात पाय ठेवणार नाही."

गार्गीने तोंड पाडलं, पण मनात तिला गुदगुल्या झाल्या. अंधेरीच्या त्या उंच इमारतीत विमानांबद्दल सगळ्यांत जास्त वाचलं होतं तिने, आणि मामाच्या लग्नाला विमानाने नागपूरला निघाला होता शेजारचा सम्यक. त्याला पंख आणि शेपटी यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. सुट्टी लागल्यापासून तो खिडकीच्या जागेचं कौतुक ऐकवत होता आणि इकडे हिचा जीव जळत होता.

सम्यकच्या आजीला, द्रौपदीआजींना, बिथरवलं होतं सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांतकाका यांनी. काकांनी विमानप्रवास पुष्कळ केले होते. ते रंगवून सांगायची हौस त्याहून मोठी. उडाल्यावर जरा वेळाने इंजिनाचा आवाज बसतो, विमान भसकन खाली येतं, पोटात खड्डा पडतो. इंधन वाचवायला पायलट इंजिनच बंद करतात, असं त्यांनी चहा पिता पिता ठोकून दिलं होतं.

"चल, बघूनच येऊ," गार्गी म्हणाली. काकांचं खरं निघावं असंच तिला वाटत होतं.

तिचा मोठा भाऊ प्रांजल दोघांना जुहूला घेऊन गेला. वाळूवर उभं राहून त्यांनी मान दुखेपर्यंत वर पाहिलं. एकामागून एक विमानं समुद्राकडे झेपावत होती. थोडं पुढे गेल्यावर आवाज उतरायचा, विमान मात्र चढतच राहायचं. एकही खाली आलं नाही.

"मग काकांच्या पोटाला काय झालं होतं गं?" सम्यकने विचारलं.

"मला काय माहीत?" गार्गी फणकारली.

परतल्यावर इमारतीची लिफ्ट सुसाट वर चढली आणि त्यांचा मजला जवळ येताच हळू झाली. गार्गीच्या पोटात खड्डा पडला. पण लिफ्ट तर अजून वरच चालली होती! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईच्या फोनवर शोधून तिने खात्रीही करून घेतली. मग गप्प बसली. आपण बोललो नाही की झालं. तिकिटं आपोआप रद्द.

सम्यक दारात बूट काढत बसला होता. "माझ्याऐवजी तुझं तिकीट हवं होतं, यार," तो म्हणाला. "तू आल्यावर सगळं नीट समजावलं असतंस. मी गेलो असतो तरी नुसते ढगच बघत बसलो असतो."

गार्गीला स्वतःचाच राग आला. जळायचं तरी कुणावर, या भोळ्या सांबावर?

"बाबांना थांबव," ती म्हणाली, "आणि आजींना खाली लिफ्टपाशी आण."

काका तिथेच होते. मुलांनी लिफ्टमध्ये खेळू नये, अशी पाटी चिकटवत होते. गार्गीने पैज लावली: डोळे बांधून लिफ्ट वर चाललीय की खाली ते ओळखायचं.

"हात्तिच्या, एवढंच?" काकांनी स्वतःच रुमाल बांधला.

लिफ्ट निघाली. "वर," काका ऐटीत म्हणाले. शेवटचा मजला जवळ आला, वेग कमी झाला. "हं, आता खाली निघाली. पोटाला बरोबर कळतं."

द्रौपदीआजी मजल्यांचे आकडे पाहत होत्या. ते चढतच होते. दार उघडलं, काकांनी रुमाल काढला. समोर गच्चीचा जिना. आजींनी तोंडाला पदर लावला.

"विमानाचंही असंच," गार्गी म्हणाली. "उडताना इंजिन खूप जोर लावतं. थोडं वर गेलं की पायलट जोर कमी करतो, नाकही जरासं खाली घेतो. विमान चढतच असतं, पण शरीराला आधीच्या जोराची सवय लागलेली असते. तो कमी झाला की कानातला तोल सांभाळणारा भाग फसतो. त्याला वाटतं, पडलो."

"म्हणजे इंजिन बंद करत नाहीत?" आजींनी काकांकडे रोखून पाहिलं.

काका पाटीचा उरलेला कोपरा चिकटवायला निघून गेले. पण जाता जाता "पोरगी भारी आहे" एवढं कबूल करून गेले.

"गुणाची माझी बाई," आजींनी गार्गीच्या गालावरून हात फिरवला. "आता विमानानंच जाईन. पोटात खड्डा पडला तर पडू दे."

सम्यकने आनंदाने उडी मारली. गार्गीने त्याची कॉलर धरली.

"खिडकीची जागा आजींना द्यायची."

"का गं?"

"तू तिथे बसलेला मला सहन होणार नाही."