दोन सेकंद उशीर

त्या दिवशी बिभीषणला ताप आला नसता, तर मी घनसावंगीकडच्या त्या प्लॉटवर कधी गेलेच नसते. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर. माझ्याकडे वडीगोद्रीची बाजू, घनसावंगी बिभीषणकडे. पण तो घरी पांघरूण घेऊन पडला आणि साहेबांनी त्याच्या गावांची यादी माझ्या हातात ठेवली. सोबत माझा तो ऑफिसचा कॅमेरा होताच.

त्या कॅमेऱ्याबद्दल आधीच सांगते, कारण हंगामभर मी त्याला शिव्या घातल्या. साबणाच्या वडीएवढा, कोपरे झिजलेला जुना डिजिटल कॅमेरा. मागचा पडदा केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे काय टिपलं ते दिसायचंच नाही. बटण दाबलं की आधी लाल दिवा लुकलुकायचा... आणि दोन सेकंदांनी, अगदी सावकाश, ‘कट्’ वाजायचं. तोवर कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून दिव्याकडे बघत राहायचं, कारण हात हलला की फोटो गेला. मोबाइलवर काढते म्हटलं तर साहेब ऐकायचे नाहीत. मोबाइल असला की लोक घरी बसून मागच्या वर्षीचे फोटो पाठवतात, असा त्यांचा अनुभव होता. मी मात्र नव्या कॅमेऱ्यासाठी अर्जावर अर्ज देत होते.

आणि नियम असा, की दर भेटीला शेतकऱ्यानं प्लॉट नंबर आणि तारीख लिहिलेली पाटी धरून पिकात उभं राहायचं.

नागसेन कपाशीत उभा होता. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांची टोकं परागानं पिवळी झालेली.

"जय भीम, मॅडम. बिभीषणभाऊ न्हाई आले?"

"ताप आलाय त्यांना. मी सुमेधा. पाटी धरा, सरळ उभे राहा."

"हसू का नको?"

"कंपनीला कपाशी बघायचीय, तुमचं हसू नाही."

"मंग कपाशीला सांगतो हसायला."

मला हसू आलं होतं. मी ते दाबलं आणि मान खाली घालून दिव्याकडे बघत बसले.

बिभीषण चार दिवसांत बरा झाला, पण ते गाव मी त्याला परत दिलं नाही. तिकडचा रस्ता बरा आहे, असं सांगितलं. रस्ता अजिबात बरा नव्हता. जीपमध्ये नऊ माणसांत दबून जायचं, आणि उतरल्यावर ओढणी झटकून, केस नीट करून बांधावरून असं चालायचं, की जणू सहज आलोय.

खरं सांगू का, त्याचं काम बघायलाच मला आवडायचं. कपाशीचं बी तयार करणं फार नाजूक काम. दुपारनंतर कळी सोलून तिच्यातला नर भाग काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून तिला हळूच टेकवायचं. एक कळी चुकली की बी मिसळलं. नागसेन एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमधलं काम सोडून आलेला, हात चांगले राकट. पण कळीला लावताना तेच हात इतके हळुवार व्हायचे... मी रजिस्टरमध्ये काय लिहितेय ते विसरायचे. मजूर बायकांना तो मावशी म्हणायचा, आणि सगळ्यात वाकडी ओळ स्वतःकडे घ्यायचा.

"हा कॅमेरा आता बदलणार आहे मी," मी दर वेळी म्हणायचे.

"राहू द्या ना. जल्दी काय हाये? बिचारा दम खाऊन काम करून राह्यला."

हंगाम संपत आला आणि नवा कॅमेरा आला. साहेब म्हणाले, "उद्या शेवटच्या भेटीत वापरून बघा, अन् संध्याकाळी जुना दुकानात बदल्यात देऊन टाका."

त्याच दुपारी शिवकन्यानं मला हाक मारली. ती आमच्याकडे फायली लावते. माझ्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड दर वेळी तिच्याकडेच जायचं, आणि फोटो हंगामाच्या शेवटीच बघितले जायचे.

"सुमेधा, हा चौदा नंबरचा प्लॉट बघ बरं."

बाकीच्या शेतकऱ्यांचे फोटो मजेशीर होते. फोटो झाला समजून कुणी पाटी खाली केलेली, कुणी टोपी सारखी करतंय, कुणी पाठ फिरवून निघालंय. चौदा नंबरच्या, म्हणजे नागसेनच्या, नऊच्या नऊ फोटोंत पाटी छातीशी सरळ होती. नजर मात्र कॅमेऱ्यात नव्हती. जरा वर होती, माझ्या चेहऱ्यावर. आणि त्या नजरेत जे होतं, ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

"कपाशी चांगली आली यंदा," शिवकन्या म्हणाली. माझे कान तापले.

पण मला त्याहून एक गोष्ट छळत होती. पाटी हलली नव्हती. म्हणजे फोटो अजून निघायचाय, हे त्याला माहीत होतं. मग तो मुद्दाम बघत होता? विचारणार तरी कधी? ही शेवटची भेट. यानंतर मला घनसावंगीला जायचं कामच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅमेरे घेऊन गेले. आधी नवा काढला. बटण दाबताक्षणी फोटो निघाला. नागसेन लेन्समध्ये बघत ताठ उभा, आधार कार्डावर असतो तसा. फोटो स्वच्छ आला होता आणि त्यात काहीच नव्हतं.

"लई फास्ट हाये हा," तो म्हणाला. मग पाटी खाली करत हळूच, "जुना... देऊन टाकला का?"

"संध्याकाळी द्यायचाय. पाटी धरा परत."

मी जुना काढला. बटण दाबलं, दिवा लुकलुकला. या वेळी मी मान खाली घातली नाही. त्याची नजर सवयीनं वर आली आणि थेट माझ्या डोळ्यांना भिडली. तो दचकला... पण नजर काढून घेतली नाही. ‘कट्’ वाजलं, तरी आम्ही दोघं तसेच उभे.

"फोटो उशिरा निघतो, हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्याच दिवशी कळल्तं."

"मग?"

"मंग काय... तोंडानं बोलायची हिंमत न्हवती. म्हटलं, फोटोत तरी दिसल. तुम्ही आज बघताल, उद्या बघताल... पण तुम्ही दर वेळी कोऱ्या चेहऱ्यानं यायच्या. मला वाटलं, बघून बी गप हायेत. म्हंजे न्हाईच म्हणायचंय."

"अहो, पडदा बंद आहे याचा. मी एकही फोटो बघितला नव्हता. काल बघितले. सगळे."

तो त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला. "हंगामभर?"

"हंगामभर."

तो बांधावर बसून इतका हसला की पलीकडच्या मावश्या माना वर करून बघू लागल्या.

"जुना मी ठेवतेय," मी म्हणाले. "साहेबांना काय सांगायचं ते मी बघते. पण उद्यापासून तो फक्त माझा. ऑफिसचे फोटो नव्या कॅमेऱ्यानं निघणार. आता तुम्ही कसं सांगणार?"

तो उठला. पाटी बाजूला ठेवली, हात शर्टाला पुसले.

"सुमेधा," तो म्हणाला. मॅडम न म्हणता, पहिल्यांदाच. "मला तुम्ही लई आवडता. आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का, तेवढं सांगा."

"रविवारी या," मी म्हणाले. "पण सकाळी. दुपारी बाबा झोपतात, आणि झोपेतून उठवलं तर ते कुणालाच हो म्हणत नाहीत."