‘बसा’ म्हणायचं राहून गेलं

त्या दुपारी मी संग्रहालयातल्या एका वस्तूवर बसले. खरंच बसले. मांडी घालून, ओढणी सावरून, अगदी घरच्यासारखी.

झालं असं, की आमच्या टॉवेलच्या कारखान्यानं नव्या इनचार्जना प्रशिक्षण ठेवलं होतं. पुण्याहून आलेले सर म्हणाले, संग्रहालयात जा, एक वस्तू निवडा आणि तिच्याकडून कामावर उपयोगी पडेल असा एक धडा घेऊन या. शनिवारी सगळ्यांसमोर बोलायचं. बाकीच्यांना वस्तू पटापट सापडल्या. रामहरीनं तलवार धरली, अंकितानं जातं. मी मात्र या दालनातून त्या दालनात फिरत राहिले. कुठलीच वस्तू माझ्याशी बोलेना.

बोलणार तरी कशी? माझ्या डोक्यात सारखी काशम्माक्का होती. तपासणीच्या टेबलावर मला शिकवलं ते तिनंच. सुटलेला धागा डोळ्याआधी बोटाला कळतो, हे तिनं माझा हात हातात धरून दाखवलं होतं. आता तिची नजर मंदावली होती आणि खराब माल तिच्या हातून पुढे जात होता. तिला तिथून हलवून पॅकिंगला पाठवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मॅनेजरनी स्पष्ट सांगितलं होतं, शनिवारपर्यंत हे झालं नाही तर इनचार्ज दुसरं कुणीतरी. मी रोज तिच्यापाशी जायचे, “अक्का, बघा… म्हणजे… जमलं तर…” एवढं पुटपुटायचे आणि परत फिरायचे.

शेवटच्या दालनाचं काम अजून चालूच होतं. आत लोकरीचा आणि घोंगडीला लावतात त्या चिंचोक्याच्या खळीचा वास भरला होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पंखा कुरकुरत होता. एक उंच, सावळा तरुण बुटक्या चौथऱ्यावर काळी घोंगडी अंथरत होता. एक टोक ओढलं की दुसरं गोळा व्हायचं. मी न विचारताच दुसरं टोक धरलं. त्यानं झटकली, मी झटकली. लोकर नाकात गेली, मी शिंकले, तो हसला. घोंगडी पाण्यासारखी सपाट पसरली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “बसा की.”

मी बसले.

तेवढ्यात दारात महेश्वरी मॅडम उभ्या. त्या संग्रहालयाच्या प्रमुख. त्यांच्यामागे आमचा अख्खा गट, मोबाइल वर करून.

“बिरुदेव, या कोण?”

“मॅडम, या अभ्यागत आहेत. प्रदर्शित वस्तूवर…” एवढं शुद्ध बोलून त्याची भाषा एकदम गावाकडं घसरली. “घोंगडी हातरून माणसाला हुबं कसं ठिवायचं, मॅडम? तोंडातनं निघून गेलं. मीच बसवलं. त्यांची काय चूक न्हाय.”

मॅडमनी ‘वस्तूवर बसू नये’ अशी पाटी लावायला सांगितली आणि निघून गेल्या. मी लाल होऊन उठले. तो हळूच म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका. लई छान बसला होता.”

आता याचा अर्थ काय घ्यायचा? ही समजूत होती की थट्टा, की आणखी काही… रात्री या कुशीवरून त्या कुशीवर वळताना मला काहीच ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पाळी सुटल्यावर मी परत गेले. धड्यासाठी म्हणून. पाटी होती, पण भिंतीकडे तोंड करून. बिरुदेव खाली मान घालून बसला होता. रविवारी दालनाचं उद्घाटन आणि याला पाटी लावता येईना. तो मंगळवेढ्याकडचा, घरी मेंढरं. त्यांच्यात घोंगडी अंथरली आणि ‘बसा’ म्हटलं नाही, तर आलेला माणूस समजतो की आपण इथं नकोसे आहोत. आल्या पावली परत जातो.

“आणि मी ‘बसू नये’ लिवून ठिवू?” तो म्हणाला.

मी काशम्माक्काचं सांगितलं. कसं कोण जाणे, दोघांना जरा बरं वाटलं. चहा झाला. निघताना तो म्हणाला, उद्या या. मी म्हणाले, बघू, जमलं तर.

“हे तुमचं ‘जमलं तर’ म्हंजे व्हय की न्हाय? च्या एक सांगू का दोन?”

“दोन,” मी म्हणाले. माझ्या तोंडून निघालेलं बऱ्याच दिवसांतलं ते पहिलं सरळ उत्तर.

मग मी रोज जात राहिले. मी का जाते ते मला कळत नव्हतं. त्याला कळत असेल तर तो बोलत नव्हता. आमच्या घरी तेलुगू, त्याच्या घरी मेंढरं, मधे हे काळं घोंगडं… यात कुठला धागा कशात गुंततोय, बोटालाही समजेना.

गुरुवारी गेले तर जुनी घोंगडी काचेत ठेवलेली. तिच्यापुढे जमिनीवर दुसरी, जाडजूड, त्याच्या आईची, कस्तुराबाईंची. येईल त्यानं खुशाल बसावं अशी. मॅडम कशाबशा तयार झाल्या होत्या.

“आदी बसाय जागा दिली,” तो म्हणाला, “की मग ‘तितं नको’ म्हनाय तोंड ऱ्हातं.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला माझी वस्तू सापडली होती.

शुक्रवारी सकाळी मी पॅकिंगमध्ये गेले. पंख्याखालची, खिडकीजवळची जागा रिकामी करून घेतली. खुर्ची ठेवली, तिच्यावर माझी उशी ठेवली. जेवणाच्या सुट्टीत काशम्माक्काला हाताला धरून तिथं आणलं, बसवलं आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “अक्का, उद्यापासून तुमची जागा ही. तपासणीला जायचं नाही.”

ती खिडकीच्या चौकटीवरून बोटं फिरवत राहिली, जशी टॉवेलाच्या काठावरून फिरवायची.

“मला दिसेना झालंय, हे मला तुझ्याआधी कळलंय गं,” शेवटी ती म्हणाली. “मी वाट बघत होते, ही पोरगी तोंड कधी उघडते. रोज यायचीस, पुटपुटायचीस न् पळायचीस. मला वाटलं, हिला पैसे हवेत उसने.”

आणि तिनं डब्यातली कडक भाकरी माझ्या पुढ्यात मोडली. तिचे डोळे ओले होते. माझेही.

शनिवारी मी सगळ्यांसमोर घोंगडीची गोष्ट सांगितली. सरांनी मान डोलावली, मॅनेजरनी पद माझ्याकडेच ठेवलं. तेव्हा वाटलं, आता सगळं उमगलं.

कसलं उमगलंय.

रविवारी उद्घाटनाला गेले. बिरुदेव नव्या सदऱ्यात, प्रत्येकाला “बसा की” म्हणत होता. आजीबाईंना म्हणाला, शाळेच्या पोरांना म्हणाला, तलवारवाल्या रामहरीलासुद्धा म्हणाला. मग मी समोर आले. त्यानं पाहिलं. घोंगडीची एक सुरकुती हातानं सारखी केली. आणि गप्प उभा राहिला.

मी थांबले. अजून थांबले. त्याच्या ओठांवर तो शब्द येईना. अंथरली आणि ‘बसा’ म्हटलं नाही… म्हणजे काय, हे त्यानंच तर सांगितलं होतं. डोळ्यांपुढचं दालन धुरकटलं. मी वळले, दारापर्यंत गेले. आणि तिथं मला काशम्माक्का आठवली, रोज पळणारी मी आठवले.

परत फिरून त्याच्यासमोर उभी राहिले. “सगळ्यांना बसा म्हणालात. मला नाही. का?”

“ते… म्हंजे… मला वाटलं…”

“नीट सांगा.”

त्यानं घाम पुसला. “पावण्याला बसा म्हंत्यात. घरच्या माणसाला कोण म्हनतं का? ते आपलं येतं न् बसतं.” मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो कानापर्यंत तांबडा झाला. “पर तुमाला इचारायचंच ऱ्हायलं. मी मनातच धरून बसलो. आता इचारतो… व्हय की न्हाय?”

पंखा कुरकुरत होता. खळीचा वास दरवळत होता. बघू, जमलं तर, हे शब्द जिभेच्या टोकावर आले आणि तिथंच विरघळले.

“व्हय,” मी म्हणाले, आणि कुणी न सांगता बसले.