हर्षलाची झाडलोट

हर्षला गोडाऊनमधून परतली, तेव्हा तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते… एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

"हा डबा कुणाचा?" टेबलाखालून आवाज आला.

डबा तिचाच. मोहोपाड्यातल्या रोहिदासशेठच्या रंगाच्या कारखान्यात मेल सर्व्हरला वेगळी खोली मिळावी एवढा त्याचा मान नव्हता. तो हर्षलाच्या टेबलाखाली घुरघुरत असे, आणि थंडीत त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या डब्यात तिची तांदळाची भाकरी ऊबदार राहत असे. पायांमागून बाकीचा माणूसही बाहेर आला. हा कशेळ्याचा देवेश. एरवी तो कर्जतच्या दुकानात बसूनच हा सर्व्हर सांभाळायचा, पण यंदा प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. दिवाळीपासून गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी स्पॅममध्ये जाऊन पडत होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. शेठनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत चूक कुणाची ते सांग. तुझी निघाली तर काम दुसऱ्याला. शेठचा शब्द आसपासच्या कारखान्यांत चालायचा, म्हणजे हे काम गेलं की बाकीचीही गेलीच.

तो बुधवार होता. दुपारी तिनं त्याला अर्धी भाकरी आणि वालाचं बिरडं दिलं, गुरुवारी भाकऱ्याच दोन जास्त आणल्या. कशासाठी, ते स्वतःला विचारलं नाही. लोधिवलीच्या घरात पाच माणसं एकदम बोलायची, हर्षलाचं वाक्य कधी पुरं व्हायचं नाही. देवेश मात्र काही विचारी आणि उत्तर संपेपर्यंत गप्प राही… मग हळूच हसे. त्या हसण्यासाठी ती गोष्टी लांबवू लागली.

शुक्रवारी तिनं सहज विचारलं, मेल गाळणाऱ्या या फिल्टरला चांगलं-वाईट कळतं तरी कसं?

"त्याला स्वतःची अक्कल नसते," देवेश म्हणाला. "तुमी जे स्पॅममध्ये टाकता, ते बघून तो शिकतो. हे नको, म्हणजे असलं पुढंही नको."

हर्षलाचा हात माऊसवरच थांबला. दिवाळीच्या साफसफाईत तिनं स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. काम झालेला मेल पुसून टाकायला तिचा जीव होईना, आणि इनबॉक्समधला पसारा बघवेना. म्हणून रोज संध्याकाळी, अंगण झाडावं तसे ती हातावेगळे झालेले सगळे मेल स्पॅमच्या फोल्डरात लोटून घरी जायची. त्यात निम्म्या ऑर्डरीच असायच्या.

सांगितलं तर शेठ ओरडतील, कदाचित नोकरीही जाईल. पण खरी भीती वेगळीच होती. देवेशच्या डोळ्यांत आपण वेंधळी ठरू… आणि नाही सांगितलं तर त्याच्या पोटावर पाय येईल. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

शनिवारी शेठच्या केबिनमध्ये देवेशनं खिशातून कागद काढला, पण तो उघडण्याआधी हर्षला आत शिरली.

"शेठ, यांची काय चूक नाय. मेल मीच स्पॅममध्ये टाकत होते. रोज."

शेठ दहा मिनिटं बोलत होते. तिचे कान लाल झाले, पण नोकरी राहिली आणि देवेशचं कामही राहिलं. सोमवारपर्यंत सगळं नीट करा, एवढं सांगून त्यांनी दोघांना बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर तिनं त्याच्या हातातला कागद घेतला. त्यात लिहिलं होतं, फिल्टरची शिकवणी चालू ठेवून कर्मचाऱ्यांना कल्पना दिली नाही, चूक सर्वस्वी माझी. खाली सही, आणि तारीख बुधवारची.

"तुमाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"सर्व्हरच्या नोंदीत रोज साडेपाचला तुझं नाव होतं." तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होता. "शिकवणी तवाच बंद केली. अडकलेल्या ऑर्डरी रोज हातानं सोडत होतो."

"मग बोलला का नाय?"

"काम संपलं असतं…" देवेशनं मान खाली घातली. "उद्या यायला कारण उरलं नसतं."

तिला राग आला, आणि रागातच इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. आपल्यासाठी हा माणूस चार कारखान्यांची कामं सोडायला निघाला होता. तिनं आधी कामाचं विचारून घेतलं, आता फिल्टरला पुन्हा शिकवायचं कसं? तो म्हणाला, अकराशे मेल आहेत, एकेक उघडून चांगले निवडायचे, आणि चांगला कुठला ते तुलाच माहीत. एकट्याला आठवडा लागेल, दोघं बसलो तर आज होईल.

"मग आजच संपवू," हर्षला म्हणाली. "सोमवारपासून कारण काढून येऊ नको. यायचं असलं तर लोधिवलीला ये. घरी."

"घरी काय म्हणून सांगू?"

"हर्षला आवडते म्हणून सांग… आवडत असली तर."

"आवडतेस," देवेश म्हणाला. या खेपेला तो जराही थांबला नाही.

"मला पण तू," ती म्हणाली, आणि दुसरी खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ओढून घेतली.