शांतादेवीनं उचललेला मिस कॉल

लाइट गेली होती. ती येईस्तोवर गुंडूमामानं गच्चीवरच्या पोरांना ही गोष्ट सांगितली. म्हणाला, ऐकीव न्हाय ही. रफिक माझा दोस्त, शाहूपुरीत मोबाईल रिपेरीचं दुकान हाय त्याचं. खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

रफिक म्हणजे हाताला चैन नसलेला गडी. मोबाईल टेपला जोड, टेप रिक्षाच्या स्पीकरला जोड, दिवसभर ह्येच धंदे. साल दोन हजार सहा, चौदा नोव्हेंबर, मंगळवार. दिवस मावळताना वारणानगरची एक बाई दुकानात आली. शांतादेवी. तिनं रुमालाची गाठ सोडली. आत कानात घालायचं ब्लूटूथ, चेमटलेलं.

"ह्ये चालू हुईल का, भाऊ?"

"मोबाईल कुठाय?"

"घावला न्हाय. ह्ये तेवढं ह्यांच्या कानात व्हतं."

तिचा नवरा शिवपुत्र, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. महिन्यामागं रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात टँकर दरीत गेला. बाई हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. डोळ्यात टिपूस न्हाय.

"घाट चढून मलकापूरला आले की मिस कॉल द्यायचे. उचलायचा न्हाय. वाजला की समजायचं, आले, आणि झोपायचं. त्या रात्री लई वेळ वाजला. मला वाटलं आज खुशीत दिसत्यात. कूस बदलली." तिनं ब्लूटूथ रफिकपुढं सरकवलं. "ते बोलवत व्हते का, भाऊ? एवढंच कळाय पायजे. ह्यात आवाज ऱ्हातो न्हवं?"

आवाज त्यात ऱ्हात न्हाय. रफिकला म्हाईत होतं. पण गिऱ्हाइकाला न्हाय म्हणायची आपल्यात पद्धत हाय का?

"बघतो की वैनी. उद्या या."

"मागल्या गल्लीत भैन हाय माझी. मी बसते."

बसली ती बसलीच. चहा दिला, तो तसाच गार झाला.

पावणेअकरा वाजता रफिकनं शटर अर्धं ओढलं. ब्लूटूथला नवी बॅटरी टाकली. बारीक आवाज नीट कळावा म्हणून दोन वायरी काढून मोठ्या स्पीकरला जोडल्या. निळा दिवा लुकलुकला... आणि मग लुकलुकायचा थांबला. नुसता पेटून ऱ्हायला.

म्हणजे ते कुठल्यातरी मोबाईलला जोडलं गेलं. दुकानातले सगळे मोबाईल खोलून पडलेले, आणि बाईच्या साध्या मोबाईलात ब्लूटूथच न्हाय.

"मामा, ब्लूटूथ धा मीटरच्या पुढं चालत न्हाय," पोरांतला सोमेश मधीच बोलला.

"तेच की. शाणा हाईस. आता गप बस."

स्पीकरमधनं वारं आलं. पाणी ठिबकल्यागत काहीतरी. मग ट्रिंग... ट्रिंग... आपण फोन लावल्यावर आपल्याला ऐकू येतं न्हवं, ते. कुणीतरी फोन लावत होतं. पलीकडनं कुणी उचलत नव्हतं.

शांतादेवीच्या मांडीवरचा मोबाईल वाजला.

तिनं बघितलं. "ह्यांचाच नंबर."

"उचलू नका, वैनी."

ट्रिंग...

"वैनी, ऐका माझं."

"मागल्या बारीला बी न्हाय उचलला."

तिनं बटन दाबलं. स्पीकरमधली रिंग थांबली.

शब्द न्हाय. नुसतं वारं. श्वास. जड.

"हं," बाई म्हणाली. लई वेळानं परत, "हं... हाय मी. हितंच हाय."

रफिक निळ्या दिव्याकडं बघत बसला.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली.

दिवा विझला.

तिनं मोबाईल कानापासनं काढला.

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. बोलवतच व्हते." तिनं पदर सारखा केला. "आता झोपले."

मोबाईल काउंटरवर ठेवला. ह्यो आता नको मला, म्हणाली. शटरखालनं वाकून गेली. परत आली न्हाय.

सकाळी रफिकनं तो मोबाईल मागनं उघडला. बॅटरीखाली चिखल. गच्च भरलेला, ओला. लालभडक. आपल्याकडची माती काळी. लाल माती घाटात.

त्यानं ती खरवडून डबीत भरली. तीन वर्षं झाली. दोन उन्हाळे तर डबी उघडीच पत्र्यावर ठेवलीवती.

अजून वाळली न्हाय.