एका पायाची चोरी

"एकच चप्पल कोण चोरतं हो?" राजमतीबाईंनी दारातच विचारलं. "न्यायची तर जोडी न्यावी माणसानं."

शिवलीला पट्टणशेट्टी आत आली. राजारामपुरीत एका खानावळीवरच्या खोलीत तिची खासगी तपासाची कचेरी होती; पाटी लहान, गिऱ्हाईक बेताचं. मागोमाग तिचा दीर श्रीशैल, एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. आपण वैनीला मदत करतो, असं तो सगळ्यांना सांगे. वैनी तसं कधी म्हणाली नव्हती.

जागा म्हणजे गंगावेशीतला बंद पडलेला तेलघाणा. तीन वर्षांपूर्वी राजमतीबाईंनी चार जणांना घेऊन तो झाडला आणि 'हातगुण' नावाची मंडळी उभी केली. आता चप्पल, चांदी, घोंगडी, कुंभारकाम करणारे बावीस कारागीर तिथं एका छपराखाली बसत.

"तीन वाजता बेंगळुरूच्या बाई येणार आहेत," राजमतीबाई म्हणाल्या. "आमच्या कृष्णातमामांच्या हातची चपलांची जोडी बघून वर्षाची मागणी ठरवतील. मागणी नाही आली, तर जागेचा मालक जिनेंद्र ती परत घेणार. त्याला इथं लॉज बांधायचंय."

घड्याळात साडेअकरा झाले होते.

टेबलावर पांढऱ्या फडक्यात एक चप्पल होती. शिवलीलानं ती उचलली. डाव्या पायाची. बारीक वेणी, एकसारखे टाके, खिळा एकही नाही. तेल पिऊन चकाकत होती.

"काल साडेपाचला मी कुलूप लावलं," राजमतीबाई सांगू लागल्या. "दिवस मावळायच्या आत जेवते ना मी. जोडीचं गाठोडं कपाटात होतं, कपाटाला कुलूप नाही. आज आठला उघडलं. मामा-मामी लगेच आले, जिनेंद्र नऊला. दहाला निशिगंधानं गाठोडं सोडलं, तर ही एवढीच."

"पोलीस?"

"तीनपर्यंत सापडली नाही, तर जाणार."

जिनेंद्र मागच्या अंगणात टेप धरून मोजमाप घेत होता. पायात कापडी बूट, कमरेला कापडी पट्टा.

"चामड्याला मी हात लावत नाही, आमच्यात चालत नाही," तो म्हणाला. "आणि जागा पाहिजे हे मी तोंडावर सांगतोय की. चोरी कशाला करू?"

"मागणी आली तर जागा तुमच्या हातून जाईल."

"जाईल. तरी चोरायचीच असती, तर दोन्ही नेल्या असत्या. अर्धं काम मी करत नाही."

श्रीशैल वैनीच्या कानाशी लागला. "हाच. जास्तच खरं बोलतोय."

निशिगंधा नक्षीकाम ठरवणारी मुलगी. डोळे लाल झाले होते.

"गाठोडं मीच सोडलो," ती म्हणाली. "आणि गेल्या आठवड्यात मामांशी वाद पण मीच घातलो, पट्टा अरुंद करा म्हणून. आता सगळी माझ्याकडंच बघायल्यात."

"काल जोडीचा फोटो काढलास?"

"एकाच चपलीचा. मामांनी दुसरी फडक्यातनं काढूच दिली न्हाई. म्हणाले, जोडीला नजर लागती."

मोबाईलवरही डावीच होती.

कृष्णातमामा कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. शेजारी कातडं भिजवायची दगडी कुंडी. भिंतीवर उरलेलं कातडं टांगलं होतं. तळ कापून घेतलेली त्यातली दोन भोकं एकाच कुशीवर झोपलेल्या भावंडांसारखी दिसत होती.

"बसा पावणं," मामा म्हणाले. त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी, चहाचा कप त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती मिटवून दिली.

"जोडी कुणी कुणी हाताळली?"

"वेण्या मी घातलो," विठाबाई म्हणाल्या. "जुळणी त्यांची. एकटंच बसत्यात तवा. मला बी बघू देत न्हाईत."

श्रीशैलनं हाताला लागलेली धूळ धुवायला कुंडीत बोटं बुडवली. "वैनी, पाणी तेलकट हाय."

"कच्चं कातडं हाय त्यात," विठाबाई चकित झाल्या. "तेल कुठलं?"

"पोलीस त्या पोरीला नेणार काय?" मामांनी मधेच विचारलं.

"तिचं नाव पहिलं येईल."

"तिनं न्हाई केलेलं."

"मग कुणी?"

मामांनी कप तोंडाला लावला. तो कधीच रिकामा झाला होता.

सव्वादोनला शिवलीलानं सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"नुकसान करणारा दोन्ही नेतो," ती म्हणाली. "विकणाराही दोन्ही नेतो. एकच नेली, म्हणजे जोडी एकत्र दिसू नये एवढंच त्याला पाहिजे होतं. कालपासून दोन्ही शेजारी शेजारी कुणी पाहिल्या?"

निशिगंधानं मोबाईल पुढं केला. शिवलीलानं तो सगळ्यांना दाखवला.

"फोटोसुद्धा एकीचाच. आता ते भिंतीवरचं कातडं बघा. दोन्ही भोकांचा बाक एकाच बाजूला. एक तळ कापला की दुसऱ्यासाठी फर्मा, म्हणजे तळाचा नमुना, पालथा घालतात. इथं घालायचा राहिला. कातड्याला उलट-सुलट असतं, मागून फिरवून चालत नाही. जोडी डाव्या-उजव्याची नव्हतीच. दोन्ही डाव्या."

राजमतीबाईंनी भिंतीपाशी जाऊन दोन्ही भोकांच्या कडांवरून बोट फिरवलं.

"काल बांधताना तळाला तळ लावला, तेव्हा जुळेना. नवी करायला वेळ नाही. कातडं भिजायला, सुकायला दिवस लागतात. म्हणून सकाळी एक काढून लपवली. बाहेरच्यानं गटारात टाकली असती. ह्या माणसाला ते जमलं नाही. त्यानं ती अशा जागी ठेवली, जिथं चामडं मरत नाही. पण चपलीला तेल पाजलेलं होतं, ते पाण्यावर आलं."

श्रीशैलनं बाही वर केली आणि कुंडीत तळापर्यंत हात घातला. ओली चप्पल वर आली. डावी.

मामा उठले. "डाव-उजवं दिसंना झालंय मला," ते म्हणाले. "सा महिनं झालं. सांगितलं असतं तर हितनं उठवलं असतं. पोरी, तुझ्यावर येईल असं मनात न्हवतं."

निशिगंधानं फर्मा उजव्या पायासाठी पालथा घातला आणि कातडं कापायच्या रापीनं त्याच्या उजव्या कडेला खाच पाडली.

"हिथं बोट लावा," ती म्हणाली. "खाच उजव्या हाताला लागली तर उजवी."

विठाबाई मात्र भडकल्या होत्या. "मोतीबिंदू हाय तो. गुन्हा हाय व्हय लपवायला?"

तीनला बेंगळुरूच्या बाई आल्या. राजमतीबाई तोंड उघडणार, तोच मामा पुढं झाले.

"बाई, जोडी न्हाय. दोन्ही डाव्या हायती. चूक माझी."

बाईंनी एक ओली, एक कोरडी अशा दोन्ही हातांत घेतल्या. टाके मोजले. पुन्हा मोजले.

"यातली आधी कुठली केलीत?"

"आता न्हाई सांगता येत."

"मलाही येत नाही," बाई म्हणाल्या. "एक टाका इकडचा तिकडं नाही. उजवी कधी दाखवाल?"

सगळ्यांनी जिनेंद्रकडं पाहिलं. त्यानं टेपची घडी घातली.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "सोळाव्याला कुलूप."

"आठात करतो," मामा म्हणाले.

"आधी डोळं दाखवायचं," विठाबाई म्हणाल्या.

बाहेर पायरीवर श्रीशैल थांबला. आपल्या पायांकडं त्यानं नीट निरखून पाहिलं. एक डावी, एक उजवी. मग तो निघाला.