धारोष्ण

धाकटीच्या ओठांशी गेलेला पेला थोरलीनं हिसकावला आणि त्यातलं फेसाळ दूध दारातल्या मातीत ओतून टाकलं... पाच महिन्यांच्या गर्भवती जावेच्या तोंडचं दूध! पायरीवर बसलेले दोघे भाऊ बघतच राहिले.

“बकरीचं धारोष्ण दूध आहे ताई,” धाकटी म्हणाली. “आठ दिवस झाले, हे रोज मला काढून देतात. तेवढंही तुमच्या डोळ्यांत खुपलं?”

आठ दिवस... घरातलं सगळं दूध आपण स्वतः उकळतो, या भरवशावर थोरली होती. आणि इथे दीर प्रेमापोटी, कासेतून निघालेलं कोमट दूध तसंच बायकोला पाजत होता!

“कच्चं प्यायचं नाही,” एवढंच ती कशीबशी म्हणाली.

“शेळ्या तुमच्या हट्टानं आल्या वहिनी,” दीर म्हणाला, “म्हणून दूधही तुमच्या परवानगीनं प्यायचं होय?”

हट्ट तिचाच होता, हे खरं. वर्षानुवर्षं नुसता गहू पेरून जमीन थकली होती. ओंब्या दरसाल हलक्या होत होत्या. तीन वर्षांपूर्वी तिनं भांडून अर्ध्या रानात हरभरा घालायला लावला, तेव्हा नवरा हसला होता, गव्हाला सवत आणलीस म्हणून. तिनं रोप उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडून दाखवल्या होत्या. आतून गुलाबी होत्या, म्हणजे जमिनीत नत्र धरायचं काम करत होत्या. पुढच्या वर्षी त्याच रानात गहू कमरेएवढा झाला. मग हरभऱ्याच्या भुसकटावर पोसायला सहा शेळ्या आल्या, आणि त्यांच्या लेंड्या परत रानात जाऊ लागल्या. कशी छान साखळी जमली होती... आणि तिच्याच एका कडीतून हे भय घरात शिरलं होतं.

चार दिवसांपूर्वी एका गाभण शेळीनं मेलेलं पिल्लू टाकलं होतं. आज पहाटे दुसरीनं. दोन्ही वेळा थोरलीनंच उघड्या हातांनी सगळं आवरून पुरलं. पहिल्या वेळी तिनं गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी शेळ्यांचं रक्त नेलं आणि बजावलं, की हा गर्भपात घडवणारा संसर्ग असेल तर माणसालाही लागतो, कच्च्या दुधातूनही. पोटुशी बाईला गोठ्याकडे फिरकू देऊ नका. घरी मीच सांगेन, तुम्ही बोलू नका, अशी तिनं विनवणी केली होती. पण सांगायचं कसं? धाकटीची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच संपली होती. या वेळी ती जिनासुद्धा मोजून पावलं टाकत उतरायची. खात्री झाल्याशिवाय हा विंचू तिच्या मनात सोडायचा?

पण आता थांबणं शक्य नव्हतं. तिनं दवाखान्यातल्या नर्सला भेटून, नेहमीच्या तपासणीतच धाकटीची या संसर्गाची चाचणी करवून घेतली. गोठ्याला कुलूप लावलं. धाकटीनं बोलणं टाकलं, दिरानं चूल वेगळी मांडायची भाषा केली. थोरली सारं ऐकत राहिली. दुपार कलली की तिच्या अंगात कसकस भरे, कंबर ठणके, घामानं पोलकं भिजे. तिला त्याचं काहीच वाटत नसे. धाकटीनं नुसता पोटावर हात ठेवला, तरी ही हातातलं काम टाकून बघत राही...

पाचव्या दिवशी डॉक्टर आले. साऱ्यांसमोर त्यांनी सांगितलं, चार शेळ्या बाधित आहेत, कळप काढावा लागेल. मग थोरलीकडे वळून म्हणाले, “नर्सनं निरोप दिलाय, तुमच्या जावेचं रक्त स्वच्छ आहे. पण पंधरा दिवसांनी पुन्हा बघावं लागेल. आणि तुम्ही अजून स्वतःचं रक्त दिलेलं नाही.”

थोरली ‘स्वच्छ’ या शब्दापर्यंतच उभी होती. मग ती भिंतीला धरून खाली बसली. धाकटीनं तिचा हात धरला, तर तो चटका बसावा इतका तापलेला...

थोरलीच्या रक्तात संसर्ग निघाला. सहा आठवड्यांची औषधं होती. दीर पायांशी येऊन बसला. वहिनी, मी माझ्या हातांनी तिला ते दूध पाजलं, असं म्हणत त्यानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, नको तो हरभरा, नको ती जनावरं, आपला नुसता गहूच बरा. त्यावर धाकटीच म्हणाली, की हरभऱ्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. गोठ्याला चुना मारू, आणि पुढच्या शेळ्या रक्त तपासूनच आणू.

पुरुष उठून गेल्यावर तिनं थोरलीच्या कपाळावरची पट्टी बदलली.

“मला सांगितलं का नाही?”

“घाबरली असतीस.”

“आणि तुम्ही?”

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. “फार घाबरले होते गं,” थोरली म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडू लागली.

धाकटी तिला बिलगून बसली.

“पंधरा दिवस आहेत अजून,” ती म्हणाली. “आता घाबरायचं ते दोघींनी.”