दारावरचा अंगठा

गाडी घरीच रंगवायची म्हणून मी सकाळी दुकानातून निळा रंग मिसळून आणला. जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवल्या, ही मात्र मुलाची. तो वारला तेव्हापासून शेडमध्ये उभी होती. सुनेला ती पांढरी गाडी डोळ्यांसमोर नको होती, विकायला निघाली होती. नात म्हणाली, "आजोबा, निळी करून बघा ना. आईला निळा आवडतो. मग राहील गाडी." मला तरी दुसरं काय येत होतं?

पांढरा रंग पार पत्र्यापर्यंत घासून काढला. काचांवर कागद चिकटवले, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं, शेडला आतून कडी घातली. रंगाचा पहिला हात मारून कॉम्प्रेसर बंद केला, तशी एकदम शांतता झाली. थिनरचा वास तेवढा होता.

चालकाच्या दारावर, गुडघ्याच्या उंचीला, अंगठा उमटला होता. लहान मुलाचा.

आमचा मुलगा लहानपणी असंच करायचा. ओल्या रंगावर अंगठा टेकवायचा आणि वर विचारायचा, "बाबा, वाळला?" मी म्हणायचो, "अरे लबाडा, कडेच्या कागदावर बघायचं असतं." ऐकेल तर शपथ.

वाळल्यावर मी तो ठसा घासून टाकला आणि दुसरा हात मारला. पुन्हा आला. कमरेशी, आणि मोठा. वाळल्यावर त्यावरून बोट फिरवलं. तो खोलगट नव्हता... वर आला होता. पत्र्याच्या आतून कुणी दाबावं तसा.

बायकोला बोलावलं, आधीच्या लहान ठशाचंही सांगितलं. ती चष्मा पुसून कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"मोठा झालाय..." ती हळूच म्हणाली. "घासू नका हो."

"आणि सुनेनं पाहिलं तर?"

"घासू नका म्हणते ना..."

पण डाग ठेवून गाडी कशी दाखवणार? घासला. शेवटचा हात मारला, तेव्हा तो थेट दाराच्या मुठीशेजारी आला. पुऱ्या माणसाचा, मध्ये आडवा व्रण. कारखान्यात पत्रा लागून मुलाला झाला होता, तोच. मग माझा हात चालेना. तसाच राहू दिला.

गाडी खडखडीत वाळल्यावर सून आली. भोवती एक फेरी मारली. "छान झालीय, बाबा. ओळखूच येत नाही." आम्ही दोघं दाराकडे बघत उभे. तिनं दाराची मूठ धरली आणि तिचा अंगठा नेमका तिथंच टेकला.

"बाबा, इथं अजून ओलं आहे..."

"कसं असेल? कधीचा वाळलाय."

तिनं हात उलटा केला. अंगठ्याला रंग लागला होता. पांढरा.

तिनं तो पुसला नाही. मूठ घट्ट मिटली. "गाडी राहू दे," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून गाडी तीच चालवते. कामावरून आली की घरात शिरण्याआधी दारापाशी थांबते, अंगठा टेकवते. बायको म्हणते, बिचारीला तेवढाच आधार.

काल गाडी धुताना मी त्या जागेवरून हात फिरवला. त्या अंगठ्याला खेटून आणखी एक आलाय. बारीक, बाईचा.

तोही आतूनच.